विश्लेषण : धरणावर बोट भाड्याने घेताना लाइफ जॅकेटच्या आधी काय तपासावे?

चाकण-महाळुंगे पट्ट्यातील कामगार, अभियंते आणि त्यांच्या कुटुंबांची सुट्टी अनेकदा पाण्याच्या काठावर जाते. भामा आसखेड आणि चासकमान ही धरणे महाळुंगेच्याच खेड तालुक्यात आहेत, तर पवना आणि आंद्रा शेजारच्या मावळात. तंबू, बार्बेक्यू आणि त्याच्या जोडीला कयाक, पेडल बोट किंवा मोटरबोट, असे पॅकेज आता समाजमाध्यमांवर सहज दिसते. शिडाची बोट स्वतः चालवायला मिळेल का, अशी विचारणाही होऊ लागली आहे. मात्र बोट हातात देणारा माणूस सुरक्षिततेची नेमकी कोणती जबाबदारी घेतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांतील दुर्घटना पाहता तो पैसे भरण्याआधीच विचारायला हवा.

पवना जलाशयात काय घडले होते?

डिसेंबर 2024 मध्ये मावळ तालुक्यातील दुधिवरे गावाजवळ पवना जलाशयात बोट उलटून दोन तरुणांचा बुडून मृत्यू झाला. मित्रांसोबत ते धरणाकाठच्या बंगल्यावर मुक्कामाला आले होते. काठावरची बोट घेऊन ते पाण्यात उतरले. सोबत जाणकार नाविक नव्हता आणि अंगावर लाइफ जॅकेटही नव्हते.

या घटनेनंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने लाइफ जॅकेटची. ती रास्तच होती. पण त्याआधीचा एक दुवा तितकाच महत्त्वाचा आहे. बोट काठावर होती आणि ती घेऊन जाताना ‘थांबा’ म्हणणारे तिथे कोणी नव्हते. पोहता येते का, बोट कधी चालवली आहे का, वारा कसा आहे, परत किती वाजता येणार, हे विचारणारी व्यवस्थाच त्या काठावर नव्हती.

इतर दुर्घटनांत समान धागा कोणता?

21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठावर आला, सहा जणांचा मृत्यू झाला. ही सहल नव्हती, गावकऱ्यांचा रोजचा मार्ग होता. पण वाऱ्याचा अंदाज पाहून फेरी रोखण्याची यंत्रणा तिथेही नव्हती.

13 जानेवारी 2018 रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे 40 विद्यार्थी असलेली बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. 18 जानेवारी 2024 रोजी गुजरातमधील वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा खूप जास्त मुले होती आणि अनेकांना लाइफ जॅकेट मिळालेच नव्हते.

जागा वेगळ्या, पाणी वेगळे, बोटीही वेगळ्या. पण प्रत्येक ठिकाणी बोट सुटण्यापूर्वी एक क्षण असा होता, जेव्हा कोणी तरी ‘आता नाही’, ‘इतके जण नाही’ किंवा ‘जॅकेटशिवाय नाही’ असे म्हणणे गरजेचे होते. ते म्हटले गेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशभरात 38 हजारांहून अधिक लोकांचा बुडून मृत्यू झाला. त्यात विहिरी, नद्या, तलाव असे सगळेच येते. बोटींच्या दुर्घटना हा त्यातला एक भाग आहे, पण तो सहज टाळता येण्याजोगा आहे.

शिडाच्या बोटींचे क्लब वेगळे काय करतात?

जगात अनेक शहरांत ‘कम्युनिटी सेलिंग’ नावाची पद्धत आहे. स्वतःची बोट विकत घेणे परवडत नाही, अशा लोकांनी एकत्र येऊन क्लब चालवायचा, वर्गणी भरायची, शिकायचे आणि क्लबच्या बोटी आळीपाळीने वापरायच्या. अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स नदीवर चालणारी ‘कम्युनिटी बोटिंग’ ही 1946 मध्ये स्थापन झालेली संस्था त्याचे जुने आणि ठळक उदाहरण आहे.

तिथे पैसे भरले म्हणून लगेच बोट मिळत नाही. आधी शिकावे लागते. शिकणाऱ्याच्या कौशल्यानुसार त्याची श्रेणी ठरते. धक्क्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा लावलेला असतो. वारा मंद असेल तर हिरवा, म्हणजे नवशिकेही जाऊ शकतात. वारा वाढला की पिवळा, मग लाल. ज्याची श्रेणी त्या झेंड्याला पुरेशी नाही, त्याला त्या दिवशी बोट मिळत नाही. तो जुना सभासद असला तरी नाही.

महाळुंगेच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना ही पद्धत अनोळखी वाटू नये. उंचीवर चढायचे असेल, वेल्डिंग करायचे असेल किंवा बंद टाकीत उतरायचे असेल तर वर्क परमिट लागते. हेल्मेट आणि सेफ्टी शूज घातले म्हणून परमिटशिवाय कोणी टाकीत उतरत नाही. सुरक्षा साधने ही शेवटची ढाल असते, त्याआधी ‘हे काम आता करायचे की नाही’ हा निर्णय झालेला असतो. चांगल्या बोट क्लबचा झेंडा म्हणजे पाण्यावरचे वर्क परमिट. लाइफ जॅकेट हे त्यातले हेल्मेट.

महाराष्ट्रात असे क्लब आहेत का?

शिडाच्या बोटींची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कोकणातील तांडेल आणि खलाशी पिढ्यान् पिढ्या वाऱ्यावर गलबते हाकत आले. खेळ म्हणून नौकानयन मात्र मुंबईच्या क्लबांत आणि सैन्यदलांत वाढले. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 ची. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय ठरले.

पुणे परिसरात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना शिडाच्या बोटींचे प्रशिक्षण मिळते. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात वल्ह्यांच्या नौकानयनाचे केंद्र आहे. पुण्याच्या सीओईपीचा विद्यार्थ्यांनी चालवलेला बोट क्लब आणि त्याची रेगाटा यांना अनेक दशकांची परंपरा आहे. या संस्थांचे काम वेगवेगळे असले तरी पद्धत एकच आहे : आधी शिकणे, मग सोबतीने सराव आणि त्यानंतर एकट्याने पाण्यात.

अडचण अशी की या सोयी छात्र, जवान, विद्यार्थी किंवा सभासदांसाठी आहेत. महाळुंगेत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला त्या क्वचितच उपलब्ध होतात. त्याच्या वाट्याला येते ती धरणाकाठची तासावर मिळणारी बोट. तिथे त्याला शिकायला मिळत नाही, फक्त फेरी मिळते.

धरणातले पाणी आणि वारा फसवे का असतात?

काठावरून धरण शांत दिसते, त्याची काही कारणे आहेत. वारा काठाकडून आत, मोकळ्या पाण्याकडे वाहत असेल तर काठाजवळ तो जाणवत नाही, कारण झाडे आणि टेकड्या आडोसा देतात. बोट आत गेली की वारा लागतो आणि तो तिला आणखी आत ढकलतो. जाताना मजा येते, परतताना मात्र वल्ही मारून दम लागतो. कयाक आणि हलक्या फुगवलेल्या बोटींच्या बाबतीत हे हमखास घडते.

दुसरे, वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग ताशी 10 किलोमीटरवरून 20 वर गेला तर शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे ‘थोडाच वारा वाढलाय’ हे शिडाच्या बोटीत खरे नसते. मावळ-खेडच्या डोंगररांगांमधून येणारा वारा एकसारखा वाहत नाही, झोत येतात आणि दिशाही बदलते.

तिसरे, एप्रिल-मे महिन्यांतील वळीव. दुपारपर्यंत रखरखीत ऊन आणि चारनंतर अचानक काळे ढग, धूळ, सोसाट्याचा वारा. उजनीची दुर्घटना मे महिन्यातली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हवामान विभागाच्या इशाऱ्यात ‘ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने वारे’ असे शब्द असतील तर त्या दिवशी लहान बोट घेऊन पाण्यात जाऊ नये. विजांसाठी पुण्याच्याच आयआयटीएम या संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप तयार केले आहे.

याउलट संध्याकाळी वारा पडतो. इंजिन नसलेली शिडाची बोट मग जागच्या जागी उभी राहते आणि अंधार पडायला लागतो. म्हणूनच चांगले क्लब सूर्यास्ताच्या बरेच आधी सगळ्या बोटी परत बोलावतात.

शिवाय धरण हे बांधलेले पाणी आहे. पाण्याखाली जुनी झाडे, बांध, घरांच्या भिंती असू शकतात. पातळी खाली गेली की त्या पृष्ठभागाजवळ येतात. काठाचा गाळ पाय धरून ठेवतो. काही पावलांपर्यंत कमरेइतके वाटणारे पाणी पुढच्याच पावलाला डोक्यावर जाऊ शकते.

कायदा काय सांगतो?

ब्रिटिशकालीन 1917 च्या कायद्याच्या जागी आता ‘अंतर्देशीय जहाज कायदा, 2021’ लागू आहे. नद्या, कालवे, तलाव अशा देशांतर्गत पाण्यावरील यांत्रिक बोटींसाठी त्यात नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, चालवणाऱ्याची पात्रता आणि विमा यांची तरतूद आहे. बिगर-यांत्रिक बोटींची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर ठेवण्याची कल्पनाही या कायद्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 मध्ये बोट सुरक्षेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

महाराष्ट्राने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, हवा आणि पाणी अशा तिन्ही प्रकारचे साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. याशिवाय बहुतेक धरणे जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत, त्यामुळे तिथे बोटी चालवायच्या तर त्या विभागाची परवानगी लागते. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते आणि भामा आसखेडचे पाणी पुण्याच्या पूर्व भागाला जाते. म्हणजे हे जलाशय पर्यटनस्थळ होण्याआधी पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही थेट तरतुदी आहेत. असुरक्षित किंवा जादा भार असलेल्या बोटीतून भाडे घेऊन माणसे नेणे हा कलम 284 नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम 106 नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे लिहिलेल्या कागदावर पर्यटकाची सही घेतली म्हणून चालकाची ही जबाबदारी आपोआप संपत नाही.

कायदे आहेत, मग अडचण कुठे आहे? एकाच काठावर जलसंपदा, पर्यटन, महसूल, पोलीस आणि ग्रामपंचायत यांच्या जबाबदाऱ्या एकमेकींत गुंततात. बंगल्याच्या किंवा कॅम्पच्या मागे बांधून ठेवलेली बोट कोणाच्याच यादीत नसते. दुर्घटना घडल्यावर बंदीचे आदेश निघतात आणि काही आठवड्यांनी काठ पुन्हा गजबजतो.

बोट घेण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

बोट शिडाची असो, वल्ह्याची किंवा मोटरची, पुढचे सात प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात.

1. परवानगी कोणाची? पर्यटन संचालनालयाची नोंदणी आणि जलसंपदा विभागाची परवानगी दाखवा, असे थेट सांगावे. ‘इथे सगळे ओळखतात’ हे उत्तर पुरेसे नाही.

2. मला पोहता येते का, हे त्यांनी विचारले का? हा प्रश्न त्यांच्याकडून यायला हवा. वय, पोहणे, आजार, आधीचा अनुभव यातले काहीच न विचारता बोट देणारा फक्त पैसे मोजतो आहे.

3. बोटीची क्षमता किती? ती बोटीवर लिहिलेली असावी. ‘लहान मूल आहे, मांडीवर घ्या’ असे म्हटले गेले तर ती फेरी सोडावी. लहान मूलही माणूस म्हणूनच मोजायचे असते.

4. कोणत्या वाऱ्यात बोटी बंद ठेवता? ठरलेली मर्यादा असेल तर चालक आकडा किंवा खूण सांगतो, उदाहरणार्थ पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की बोटी परत. ‘इथे कधीच काही होत नाही’ असे उत्तर आले तर मर्यादा ठरलेलीच नाही.

5. बचाव बोट कुठे आहे? इंजिनची बोट, इंधन भरलेली, चालक हजर, आणि ती भाड्याच्या फेऱ्यांत गुंतलेली नाही, या चारही गोष्टी हव्यात. एकच मोटरबोट असेल आणि तीच पर्यटकांना फिरवत असेल, तर ती बचाव बोट नाही.

6. जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद होते का? नाव, फोन क्रमांक, निघण्याची आणि परतण्याची वेळ वहीत लिहिली जाते का? ही वही नसेल तर कोणी परतले नाही हे संध्याकाळपर्यंत कळणारही नाही.

7. लाइफ जॅकेट मापाचे आहे का? जॅकेट घालून सगळे पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याने खांद्याजवळ धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मुलांचेच जॅकेट हवे. फाटलेला कपडा, तुटलेले बकल, दबून गेलेला फोम असेल तर दुसरे मागावे. बोटीत ठेवलेले जॅकेट हे न घातलेल्या हेल्मेटसारखेच असते.

शिडाची बोट घ्यायची असेल तर आणखी एक अट हवी. बोट उलटल्यावर ती सरळ कशी करायची, याचा सराव काठाजवळ, प्रशिक्षकासमोर झालेला असावा. लहान शिडाच्या बोटी उलटतात, हा अपघात नसून त्या खेळाचाच भाग आहे. त्यामुळे शिकवणीची सुरुवातच तिथून होते. दुसरा धोका शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांडीचा, म्हणजे बूमचा. बोट वळताना ती एका बाजूकडून दुसरीकडे झटक्यात येते आणि डोके खाली घातले नाही तर जोरात लागते. या दोन गोष्टी न शिकवता शिडाची बोट भाड्याने देणारा क्लब क्लब म्हणण्याच्या लायकीचा नाही.

कंपनीच्या सहलीचे काय?

चाकण पट्ट्यात टीम आउटिंग, कुटुंब मेळावे, प्रशिक्षणार्थींच्या सहली नेहमीच्या असतात. त्यांचे काम बहुधा एखाद्या एजन्सीला दिले जाते आणि तिची निवड दर पाहून होते. कारखान्यात कंत्राटदाराला गेटमधून आत घेण्याआधी विमा, परवाना, प्रशिक्षणाची नोंद मागितली जाते. सहलीच्या एजन्सीकडे मात्र जेवणाचा मेनू मागितला जातो.

इथे कंपन्यांच्या हातात मोठी ताकद आहे. 40-50 जणांचे बुकिंग देणारा ग्राहक नोंदणीची प्रत, विम्याची प्रत आणि बचाव बोटीची खात्री मागू शकतो. तो मागू लागला तर काठावरच्या व्यावसायिकांनाही कागदपत्रे पूर्ण करण्याचे कारण मिळेल. एकट्या-दुकट्या पर्यटकाच्या प्रश्नाला ‘जायचे तर जा, नाही तर राहू द्या’ असे उत्तर मिळते, कंपनीच्या प्रश्नाला तसे मिळत नाही. सहलीत दारू आणि बोट एकाच कार्यक्रमपत्रिकेत नको, एवढी अटही कंपनीला सहज घालता येते.

स्थानिकांच्या पोटावर पाय येईल का?

धरणात जमिनी गेलेल्या गावांतील तरुणांसाठी पर्यटन हा उत्पन्नाचा मार्ग आहे. सरसकट बंदी आली तर नुकसान त्यांचेच होते, आणि बोटी चोरून चालू लागल्या तर धोका उलट वाढतो. त्यामुळे गावातील चार-पाच बोटवाल्यांनी मिळून एक वही, एक झेंडा, एक बचाव बोट आणि दोन प्रशिक्षित जीवरक्षक अशी सामायिक व्यवस्था उभी करणे हा अधिक टिकाऊ मार्ग आहे. कम्युनिटी क्लबचे मूळ तत्त्व हेच आहे : खर्च वाटून घ्यायचा आणि नियम सगळ्यांना सारखा. ज्या दिवशी झेंडा लाल, त्या दिवशी कोणाचीच बोट जाणार नाही. मग शेजाऱ्याने गिऱ्हाईक पळवल्याची भीतीही राहत नाही.

बोट उलटलीच तर काय करावे?

बोट सोडू नये. उलटलेली बोट बहुतेक वेळा तरंगत राहते आणि दुरून दिसते, पोहणाऱ्याचे डोके दिसत नाही. काठ वाटतो त्याहून लांब असतो, म्हणून पोहत निघण्याचा मोह टाळावा. सोबतचे सगळे वर आले का, हे मोजावे. शीड किंवा दोरीखाली कोणी अडकले नाही ना, ते आधी पाहावे. जॅकेटची शिट्टी वाजवावी, हात किंवा रंगीत कपडा हलवावा.

काठावर असलेल्यांनी पाण्यात उडी मारू नये. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला दुसराही बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. दोरी, रिकामे बंद कॅन, लांब काठी, गाडीची ट्यूब, जे हाती लागेल ते फेकावे आणि 112 क्रमांकावर फोन करून धरणाचे, गावाचे आणि जवळच्या खुणेचे नाव सांगावे. धरणाच्या काही भागांत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ती कुठे मिळते हे पोहोचल्यावरच पाहून ठेवलेले बरे.

आणि वारा सुटलेला असताना, पैसे भरून झाल्यावर बोटवाला म्हणाला की आज बोट सोडणार नाही, तर त्याच्याशी वाद घालू नये. पुढच्या सुट्टीला पुन्हा त्याच्याकडेच जावे.